सेलोसॉरस: सेल लाइनचं कूळ सांगणारा कोश, एका पीएचडी विद्यार्थिनीच्या नजरेतून

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कर्करोगाच्या पेशींचं मात्र दोन्ही विचारावं, आणि फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधी विचारावं. ते विचारायची माझ्या माहितीतली सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सेलोसॉरस हा सेल लाइन्सचा, म्हणजे एखाद्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या ऊतीतून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा, ऑनलाइन कोश. पिपेट, किट, अँटिबॉडी, सेल काउंटर यांचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात. या कोशाबद्दल मात्र कुणी सविस्तर लिहिलेलं मला क्वचितच दिसतं, आणि माझ्या पीएचडीचा पाया ज्या मोजक्या गोष्टींवर उभा आहे त्यातली ही एक आहे. म्हणून हे परीक्षण.

आधी थोडक्यात ओळख. एसआयबी, म्हणजे स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स, या संस्थेत हा कोश तयार होतो. २०१२ मध्ये तो सुरू केला अमोस बैरॉख यांनी. प्रथिनांवर काम करणाऱ्यांना हे नाव नवं नाही. १९८६ मध्ये स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा कोश सुरू करणारे तेच. एकेक नोंद माणसाने वाचून, तपासून, शोधनिबंधांचे दाखले देऊन लिहायची ही त्यांची जुनी शिस्त, आणि ती सेलोसॉरसमध्ये जागोजागी जाणवते. आज त्यात दीड लाखाहून जास्त सेल लाइन्सच्या नोंदी आहेत. लॉगिन नाही, शुल्क नाही, आणि श्रेय देऊन माहिती वापरायला पूर्ण मोकळीक.

माझं काम मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर आहे. पेशी दोन होताना गुणसूत्रांची वाटणी कुठे आणि का चुकते, हे मी बघते. एचसीटी-११६ या पेशी ही वाटणी बऱ्यापैकी नीट करतात. त्यांच्यात बहुधा ४५ गुणसूत्रं असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आकडा फारसा हलत नाही. एसडब्ल्यू-४८० आणि एचटी-२९ मध्ये मात्र गोंधळ असतो. विभाजनाच्या वेळी एखादं गुणसूत्र मागे रेंगाळतं, कधी दोन्ही बाजूंना ताणलं जाऊन मध्ये पूल तयार होतो. रात्रभर टाइम-लॅप्स लावायचा, सकाळी येऊन फ्रेम फ्रेम बघत हे मागे राहिलेले तुकडे मोजायचे, रविवारी मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायला यायचं, पेशी दाट झाल्या की त्यांना सुट्या करणारं ट्रिप्सिन घालून नव्या फ्लास्कमध्ये पसरायच्या (हा एक पॅसेज). बाहेरच्यांना हे कंटाळवाणं वाटेल. मला हे काम मनापासून आवडतं. पण या सगळ्या मेहनतीला अर्थ कधी, तर फ्लास्कवर जे नाव आहे त्याच पेशी आत असतील तेव्हा.

आणि ते नाव येतं कुठून? द्रव नायट्रोजनच्या टाकीतून, उणे १९६ अंशांतून, एक छोटी व्हायल बाहेर येते. तिच्यावर मार्करने लिहिलेलं असतं, बऱ्याचदा मी लॅबमध्ये येण्याआधीच डिग्री घेऊन निघून गेलेल्या कुणाच्या तरी अक्षरात. अर्धी अक्षरं पुसलेली. ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ती हलक्या हाताने फिरवायची, आत बर्फाचा बारीक खडा उरला की बाहेर काढून अल्कोहोलने पुसायची, पेशी थेंबाथेंबाने कोमट मीडियात सोडायच्या, सेंट्रिफ्यूज करून डीएमएसओ हे गोठवताना घातलेलं रसायन काढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशी तळाला चिकटलेल्या दिसल्या की जीव भांड्यात पडतो. पण दिसतात त्या नुसत्या पेशी. आतड्याच्या, फुप्फुसाच्या, गर्भाशयमुखाच्या, एपिथेलियल पेशींचे कितीतरी प्रकार फेज कॉन्ट्रास्टमध्ये एकमेकांसारखेच दिसतात. डोळ्यांनी ओळख पटत नाही. चार-पाच वर्षांचं काम त्या पुसट अक्षरांच्या भरवशावर उभं राहतं, ही या क्षेत्रातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

आता कोशाचं एक पान उघडून बघू. शोधपट्टीत एचसीटी-११६ टाकलं की सीव्हीसीएल_०२९१ क्रमांकाची नोंद येते. सगळ्यात वर पर्यायी नावं. मध्ये रेघ असलेलं, नसलेलं, टिंब दिलेलं, जोडून लिहिलेलं, अशी एकाच पेशीची सगळी रूपं. हे किरकोळ वाटतं, पण जुने पेपर शोधताना याच यादीने माझं काम सोपं केलंय. त्याखाली ही लाइन कोणकोणत्या मोठ्या संचांत आहे, म्हणजे एनसीआय-६० या अमेरिकी कर्करोग संस्थेच्या साठ लाइन्सच्या संचात आहे का, ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या कॅन्सर सेल लाइन एन्सायक्लोपीडियात आहे का, ते. मग पेशी दुप्पट व्हायला लागणारा वेळ. इथे एकच ठोकळ आकडा नसतो; वेगवेगळ्या लोकांनी मोजलेले आकडे ज्याच्या त्याच्या संदर्भासह दिलेले असतात. मग केरास जनुकाच्या प्रथिनातला ग्लायसिन १३ चा अ‍ॅस्पार्टेट झालेला बदल, मायक्रोसॅटेलाइट अस्थिरतेचा (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे कमी-जास्त होत राहण्याचा) शेरा, दात्याचं लिंग आणि वय, कुठल्या सेल बँकेत कुठल्या क्रमांकाने मिळते, जनुकीय माहिती कुठल्या डेटाबेसमध्ये आहे त्याचे दुवे. आणि खाली या लाइनपासून पुढे तयार केलेल्या लेकी: कुठलं जनुक काढलंय, कुठलं घातलंय, कुठल्या औषधाला दाद न देणारी केलीय. एचसीटी-११६ च्या लेकींची यादी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा खाली सरकवता सरकवता हात दुखला.

माझ्या मते या पानाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे मतभेद झाकलेले नसतात. दोन स्रोतांनी एसटीआरचे (पेशींची ओळख पटवणाऱ्या डीएनए तपासणीचे) वेगवेगळे आकडे दिले असतील तर दोन्ही दिसतात, कुठला कुणाचा तेही दिसतं. कुठल्या पेपरमध्ये नाव चुकीचं छापलंय, कुठे रुग्णाचं वय वेगळं सांगितलंय, असे सावधगिरीचे शेरेही असतात. लॅबमध्ये आम्ही एकमेकांना तोंडी सांगत असतो की अमुक पेपरवर फार विसंबू नकोस. ते इथे लिहून ठेवलंय, पुराव्यासकट.

याचा मला पहिला मोठा उपयोग झाला तो प्रयोग आखताना. पेपरात एखादा परिणाम दाखवायचा तर एका लाइनवर भागत नाही. दोन-तीन वेगळ्या रुग्णांच्या लाइन्समध्ये तोच परिणाम दिसला पाहिजे. माझ्या आराखड्यात डीएलडी-१ आणि एचसीटी-१५ ही दोन नावं होती. दोन्ही आतड्याच्या कर्करोगाच्या, दोन्ही फ्रीझरमध्ये हजर. सवयीने दोन्हींची पानं उघडली. प्रत्येक पानावर एक ओळ असते, एकाच व्यक्तीपासून आलेल्या इतर लाइन्सची. डीएलडी-१ च्या पानावर त्या ओळीत एचसीटी-१५ होती. एचसीटी-८ सुद्धा होती. म्हणजे आलेखात मी ज्या दोन खांबांना दोन रुग्ण म्हणणार होते, तो माणूस एकच होता. आराखड्यातून एक नाव वगळलं, दुसऱ्या रुग्णाची लाइन घेतली, आणि काम पुढे गेलं. हे पान उघडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

काही वेळा तेच नातं मुद्दाम हवं असतं. एसडब्ल्यू-४८० ही एका माणसाच्या मूळ गाठीतून काढलेली, आणि एसडब्ल्यू-६२० त्याच माणसाच्या लसिकाग्रंथीत पसरलेल्या कर्करोगातून. मूळ गाठ आणि पसरलेला आजार यांची तुलना करायला ही जोडी वर्षानुवर्षं वापरली जाते. कोशात दोघी एकमेकींच्या पानावर दिसतात. नातं कळलं की त्याचा उपयोग करून घेता येतो. न कळलेलं नातं घात करतं.

दुसरा प्रसंग माझ्या ज्युनियरचा. ती नवी आली तेव्हा तिला स्तनाच्या कर्करोगाच्या फैलावावर छोटं काम दिलं होतं, आणि दुसऱ्या एका लॅबकडून पेशी मागवल्या होत्या. व्हायल आली, सोबतच्या कागदावर एमडीए-एमबी-४३५, स्तनाचा कर्करोग, असं लिहिलेलं. ती म्हणाली, "ताई, या थॉ करू का आज?" मी म्हटलं, आधी बस इथे, पान उघडू. पान उघडल्या उघडल्या वरच ठळक शेरा दिसला: समस्याग्रस्त सेल लाइन, एम-१४ पासून आलेली. एम-१४ म्हणजे मेलानोमा, त्वचेतल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग.

तिचा चेहरा उतरला. "पण इतके पेपर आहेत ना यावर?" आहेत, आणि तेच दुःख आहे. सत्तरच्या दशकात स्तनाच्या कर्करोगाच्या एका ३१ वर्षांच्या रुग्णाच्या छातीत साठलेल्या पाण्यातून एक लाइन तयार झाली होती. पण आज या नावाने जगभर फिरणाऱ्या पेशी एम-१४ च्या आहेत. २००० मध्ये एनसीआय-६० संचातल्या पेशींची जनुकं किती प्रमाणात वाचली जातात याची तुलना झाली, तेव्हा ही लाइन स्तनाच्या पेशींजवळ न बसता मेलानोमाच्या घोळक्यात जाऊन बसली. पुढे डीएनएच्या तपासणीत एम-१४ शी जुळणी स्पष्ट झाली. तिच्यात बीराफ जनुकाचा व्ही६००ई बदल आहे, जो मेलानोमात नेहमी दिसतो. आम्ही दोघींनी ते पान आणि त्याखालचे संदर्भ गाईडपुढे ठेवले. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं आत्ताच कळलं. एमडीए-एमबी-२३१ वर कर." ती व्हायल आम्ही टाकून दिली नाही. लेबल बदललं, एम-१४ लिहिलं, आणि मेलानोमाच्या रॅकमध्ये ठेवली.

या गोंधळाचा इतिहास जुना आहे, आणि तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगितला गेला पाहिजे असं मला वाटतं. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, पेशी घेतल्या गेल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढत राहिल्या. लॅक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारल्या. त्यांच्या पेशी हीला या नावाने जगभर गेल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तर काही पॅसेजनंतर तिथे फक्त त्याच उरतात. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक लाइन्समध्ये जी६पीडी या एन्झाइमचा तोच दुर्मिळ प्रकार आहे जो हीलामध्ये आहे. सत्तरच्या दशकात वॉल्टर नेल्सन-रीस यांनी गुणसूत्रांवरचे पट्टे बघून अशा लाइन्सच्या याद्या छापल्या. त्यांना खूप विरोध झाला. तरीही केबी, हेप-२, चँग लिव्हर, इंट-४०७ ही नावं घशाच्या, स्वरयंत्राच्या, यकृताच्या, आतड्याच्या पेशी म्हणून वापरात राहिली, आणि त्या सगळ्या हीला आहेत. २०१७ च्या एका अभ्यासात चुकीची ओळख असलेल्या पेशी वापरणारे ३२,७५५ शोधनिबंध मोजले गेले. त्यातल्या कितीतरी निबंधांमागे माझ्यासारखंच कुणीतरी विद्यार्थी असणार, रविवारी मीडिया बदलायला येणारं. हा आकडा वाचला की मला राग येतो, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटतं.

आयक्लॅक ही आंतरराष्ट्रीय समिती अशा चुकीच्या लाइन्सची नोंदवही ठेवते. सेलोसॉरस त्या नोंदी थेट त्या त्या पानावर दाखवतो, शिवाय इतर पेपरांत सिद्ध झालेले घोळही. म्हणून वेगळी यादी धुंडाळावी लागत नाही.

आता क्लॅस्टर. कोशासोबत मिळणारं हे साधन मला सगळ्यात प्रिय आहे. पान वाचून कळतं की जगात या नावाच्या पेशी काय आहेत; माझ्या फ्लास्कमध्ये काय आहे ते कळायला एसटीआर तपासणीच लागते. पेशींचा डीएनए पाठवायचा, प्रयोगशाळा डीएनएतल्या ठराविक जागांवर छोटे तुकडे किती वेळा पुन्हा पुन्हा आलेत ते मोजते, आणि शिखरांचा आलेख व आकडे परत येतात. २०११ च्या मानकात अशा आठ जागा आणि लिंग ओळखायला अ‍ॅमेलोजेनिन असं ठरलं. नंतरच्या सुधारणेत जागा तेरा झाल्या. हे आकडे क्लॅस्टरच्या रकान्यांत भरायचे आणि बटण दाबायचं. कोशातल्या सगळ्या एसटीआर नोंदींशी तुलना होऊन सगळ्यात जवळच्या लाइन्स टक्केवारीसह समोर येतात, आणि कुठला आकडा जुळत नाही तो रंगाने वेगळा दिसतो.

टक्केवारी कशी निघते हे समजून घ्या, नुसता हिरवा रंग बघून पुढे जाऊ नका. हीलाचंच घ्या. डी५एस८१८ या जागेवर ११ आणि १२, डी१३एस३१७ वर १२ आणि १३.३, डी७एस८२० वर ८ आणि १२, डी१६एस५३९ वर ९ आणि १०, व्हीडब्ल्यूए वर १६ आणि १८, टीएच०१ वर नुसता ७, टीपॉक्स वर ८ आणि १२, सीएसएफ१पीओ वर ९ आणि १०. एकूण १५ आकडे, म्हणजे १५ अ‍ॅलील. समजा तुमच्या नमुन्यात तो १३.३ हरवलाय, बाकी सगळं तेच आहे. मग तुमचे १४, कोशातले १५, जुळणारे १४. तानाबे सूत्रात जुळणाऱ्यांची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे २८ भागिले २९, साधारण ९६.६ टक्के. मास्टर्स सूत्रात तुमच्या नमुन्याकडून मोजलं तर १४ भागिले १४, पूर्ण १०० टक्के. नमुना एकच, उत्तरं दोन. क्लॅस्टरमध्ये सूत्र निवडता येतं, म्हणून रिपोर्टमध्ये कुठलं वापरलं ते लिहायलाच हवं. मास्टर्ससाठी ८० टक्क्यांच्या वर नातं मानतात. तानाबेला ९० धरतात. आणि १३.३ हा आकडा लक्षात ठेवा. तो दुर्मिळ आहे. आतड्याच्या किंवा यकृताच्या म्हणून आलेल्या पेशींच्या रिपोर्टमध्ये तो दिसला की हीलाचा संशय लगेच घ्यावा.

मिश्र नमुनाही आलेखातच ओळखू येतो: एका जागेवर दोनऐवजी तीन-चार शिखरं, आणि तेही बऱ्याच जागांवर. अशा वेळी आकडे भरण्याआधी मूळ आलेख मागवून घ्या. उंदराच्या आणि कुत्र्याच्या लाइन्ससाठीही क्लॅस्टरमध्ये सोय आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता मर्यादा, कारण त्या माहीत नसतील तर हा कोश खोटा धीर देईल. एसटीआर कूळ सांगतो, वर्तन सांगत नाही. माझ्याकडे एचसीटी-११६ आहे आणि तिचीच पी५३ हे जनुक काढून टाकलेली लेक आहे. दोघींचा एसटीआर सारखाच येणार, कारण माणूस एकच. फ्लास्कांची अदलाबदल झाली तर क्लॅस्टर दोन्हींना खुशाल शंभर टक्के देईल. तिथे डॉक्सोरुबिसिन हे डीएनएला इजा करणारं औषध देऊन पी५३ आणि पी२१ या प्रथिनांचा ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) करावाच लागतो. मूळ लाइनमध्ये दोन्ही पट्ट्या गडद होतात, लेकीत पी५३ ची जागा रिकामी राहते. हा ब्लॉट मी प्रत्येक नव्या व्हायलच्या वेळी करते आणि कुणी कितीही घाई केली तरी करते.

शिवाय एचसीटी-११६ मध्ये एमएलएच१ हे प्रथिन नाही, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा बंद आहे. अशा पेशींमध्ये एसटीआरचे आकडे स्वतःच हळूहळू सरकतात. जास्त पॅसेज झालेल्या फ्लास्कमध्ये एखादा आकडा इकडेतिकडे झाला तर घाबरून जाऊ नका. पानावरचा मायक्रोसॅटेलाइट अस्थिरतेचा शेरा बघा, मग ठरवा.

आणि नाव, कूळ सगळं बरोबर असूनही पेशी बदलतात. २०१८ मध्ये एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या लाइनचे वेगवेगळ्या ठिकाणचे २७ नमुने एकत्र तपासले गेले. त्यांच्यात जनुकीय फरक तर होतेच, पण एका नमुन्यावर जोरदार चालणारी बरीच औषधं दुसऱ्यावर अजिबात चालली नाहीत. या बाबतीत कोश काही करू शकत नाही. तिथे कमी पॅसेजच्या व्हायल गोठवून ठेवणं आणि ठराविक पॅसेजनंतर जुना फ्लास्क टाकून देणं, हेच हातात आहे. मायकोप्लाझ्माचंही तसंच. या जीवाणूला पेशीभित्तिका नाही म्हणून पेनिसिलिन चालत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही, मीडिया गढूळही होत नाही. त्याची पीसीआर तपासणी वेगळी आणि नियमित करायची. एसटीआर चांगला आला म्हणून ती चुकवू नका.

पेशी वाढवायची कृतीही इथे शोधू नका. कुठला मीडिया, किती सीरम, किती दिवसांनी पॅसेज, हे सेल बँकेच्या पानावर बघायचं आणि दुवा इथून घ्यायचा. पानाची मांडणी दाट आहे. पहिल्यांदा उघडणाऱ्याला शेऱ्यांच्या ओळींमध्ये महत्त्वाचं आणि किरकोळ वेगळं करायला त्रास होईल. माझा सल्ला असा: आधी समस्येचा शेरा, मग एकाच व्यक्तीच्या इतर लाइन्स, मग मूळ लाइन, मग एसटीआर. बाकीचं सवडीने वाचा. सवडीने वाचण्यासारखं खूप आहे. हीला अंतराळात जाऊन आल्या आहेत अशी नोंदसुद्धा तुम्हाला सापडेल.

मेंदूच्या गाठीवर काम करणाऱ्यांनी यू-८७ चं पान तर वाचायलाच हवं. एका नावाखाली तिथे दोन वेगळ्या नोंदी आहेत: एक सेल बँकेतून सर्वत्र गेलेली, दुसरी स्वीडनमधल्या उप्सालामध्ये, जिथे ही लाइन साठच्या दशकात जन्मली, तिथे जपलेली. २०१६ मध्ये मूळ गाठीच्या जतन केलेल्या ऊतीशी तुलना झाली तेव्हा कळलं की सर्वत्र वापरली जाणारी लाइन त्या रुग्णाची नाहीच. ती ग्लिओब्लास्टोमाचीच असावी, पण कुणाची, ते ठाऊक नाही. कोशाने दोन्हींना वेगळे क्रमांक दिले, म्हणून आता पेपर लिहिताना नेमकी कुठली वापरली ते सांगता येतं.

त्या क्रमांकांचं मोल पेपर पाठवताना कळतं. प्रत्येक नोंदीला आरआरआयडी, म्हणजे संशोधनात वापरलेल्या साधनाचा ओळख क्रमांक, असतो आणि बरीच जर्नल्स तो मागतात. मेथड्सच्या विभागात पेशीचं नाव, आरआरआयडी, कुठून घेतली, एसटीआर कधी केला, मायकोप्लाझ्मा कधी तपासला, एवढं लिहिलं की रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो. आमच्या लॅबच्या फ्रीझरच्या वहीत आता एक जादा रकाना आहे, सीव्हीसीएल क्रमांकाचा. तो भरल्याशिवाय व्हायल टाकीत जात नाही. नव्यांना सुरुवातीला जाच वाटतो, मग तेच इतरांना आठवण करून देतात.

एका गोष्टीसाठी मी या कोशाची विशेष ऋणी आहे. दात्याच्या ओळीत वय आणि लिंग असतं. एमसीएफ-७ च्या पानावर ६९ वर्षांची स्त्री. त्या सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस मॅलन होत्या, आणि १९७० मध्ये त्या वारल्या. त्यांच्या छातीत साठलेल्या पाण्यातल्या पेशींनी इस्ट्रोजेन रिसेप्टरवरच्या औषधांचा अभ्यास शक्य केला. रात्री उशिरा ट्रिप्सिनची वाट बघत उभी असताना आपण कुणाच्या तरी आजारातून आलेली गोष्ट हातात धरली आहे, हे विसरायला होतं. ती ओळ ते विसरू देत नाही. दात्याबद्दल आणखी माहिती जिथे सार्वजनिक आहे तिथे ती ठळक दिली जावी, एवढं माझं कोशकर्त्यांना सांगणं आहे.

पाचपैकी पाच तारे. मर्यादा सांगितल्या त्या बहुतेक एसटीआरच्या आहेत, कोशाच्या नाहीत, आणि कोशाच्या आहेत त्या दाट मांडणीपलीकडे जात नाहीत. दुरुस्ती किंवा नवी माहिती त्यांना कळवता येते, आणि वर्षातून अनेकदा नवी आवृत्ती निघते. कालची निर्धोक लाइन आज समस्येच्या शेऱ्यासह दिसू शकते. म्हणून प्रबंध सादर करण्याआधी त्यातल्या सगळ्या लाइन्सची पानं मी पुन्हा एकदा उघडतेय. एचटी-२९ आणि एसडब्ल्यू-४८० झाल्या, एचसीटी-११६ च्या लेकी या आठवड्यात.